वाचकांचे प्रश्न: भिंत तर रंगेल, पण गाव एकत्र येईल का?

मागच्या अंकात आपण गावाने मिळून करायच्या कलाप्रकल्पांबद्दल, म्हणजे गावाचं नाटक, भिंतीवरची चित्रं, भरतकाम, जुन्या गोष्टी गोळा करणं वगैरे, तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेसेज भरपूर आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि कोणाचंच नाव-गाव छापलेलं नाही, कारण बऱ्याच जणांनी गावातली भांडणं अगदी मोकळेपणाने लिहिलीयत आणि उद्या अंक गावात पोचला की त्याचा ताप तुम्हालाच व्हायचा.

प्रश्न: नमस्कार ताई. आमचं गाव लहान, पण त्यात दोन तट आहेत, एकमेकांच्या कार्याला सुद्धा जात नाहीत. आम्ही काही जणांनी ठरवलंय की शाळेच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं. शहरातून एक चांगला आर्टिस्ट यायला तयार आहे, चार दिवसांत काम होईल म्हणतो. याने लोक एकत्र येतील का?

उत्तर: चार दिवसांत चित्र होईल, बाकी काही होईल असं मला तरी वाटत नाही. आर्टिस्ट चांगला असला की उलट अडचण जास्त, कारण डिझाइन त्याच्या डोक्यात तयार असतं, शिडीवर एका वेळी दोन-तीन जणच मावतात आणि बाकीचं गाव खाली उभं राहून छान आलंय म्हणतं आणि घरी जातं. त्यात ज्या तटाने त्याला बोलावलं त्यांचंच ते चित्र ठरतं, दुसरा तट तोंड फिरवून जातो, म्हणजे भांडायला अजून एक जागा तयार.

भिंत नको असं म्हणत नाहीये. भिंत शेवटी घ्या एवढंच. खरी गंमत असते काय काढायचं हे ठरवण्यात. नदी काढायची तर पूर आला त्या वर्षीची काढायची का, जुनी शाळा कोणी बांधली, चित्रात कोणाचं घर येणार आणि कोणाचं नाही, या गोष्टींवर वाद होतील आणि होऊ देत, कारण वाद घालायला का होईना पण माणसं एका खोलीत बसतील. पण त्यासाठी चार दिवस नाही, चार महिने लागतील असं धरून चाला आणि आर्टिस्टला हे आधीच सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आता दोन तटांना एका खोलीत बसवायचं कसं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ॲपलाचियाच्या डोंगराळ कोळसापट्ट्यात व्हाइट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९६९ मध्ये ॲपलशॉप म्हणून संस्था सुरू झाली, आधी तरुण पोरांना फिल्म बनवायला शिकवायला आणि मग १९७५ पासून तिचंच रोडसाइड थिएटर. हे डोंगरातले गोरे लोक. त्यांनी न्यू ऑर्लीन्सच्या जूनबग प्रॉडक्शन्स या कृष्णवर्णीयांच्या नाटक कंपनीबरोबर कित्येक वर्षं मिळून काम केलं. अमेरिकेचा इतिहास बघता हे सोपं प्रकरण नव्हतं. त्यांची जी पद्धत आहे, स्टोरी सर्कल, ती तुम्हाला उद्या सुद्धा वापरता येईल आणि पैसा शून्य लागतो. गोल बसायचं. प्रत्येकाला सारखा वेळ. विषय एक. आपल्यावर घडलेली गोष्ट सांगायची, मत मांडायचं नाही. दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, संपल्यावर सल्ला द्यायचा नाही, चूक काढायची नाही. बोलायचं नसेल तर पुढच्याला द्यायचं, फेरी संपली की परत विचारतात.

यातला गोष्ट सांगा, मत नको हा नियम फार महत्त्वाचा आहे. मताला उत्तर देता येतं, गोष्टीला काय उत्तर देणार? सरपंच कसा चुकला यावर गाव तासभर भांडेल, पण "मी शाळेत पहिल्या दिवशी कसा गेलो" यावर भांडण कसं करणार. म्हणून पहिले दोन-तीन विषय असे साधे ठेवा, भांडणाच्या जवळ सुद्धा जाऊ नका, आणि कार्यक्रमाचं नाव चुकूनही एकोपा किंवा सलोखा असं ठेवू नका, ते वाचलं की अर्धे लोक दारातूनच परत जातील. बोलावणारे दोन असू देत, प्रत्येक तटाचा एक. जागा अशी हवी की जिथे जायला कोणालाच परवानगी मागावी लागत नाही आणि कोणाच्या दारावरून जावं लागत नाही.

प्रश्न: मी स्वतः चित्रकार आहे. एका गावात सहा महिने राहून लोकांबरोबर काम करायचं असं मला फेलोशिपमधून मिळालंय. दीड महिना झाला. भेटलं की सगळे "हो हो, येतो ना" म्हणतात, वर्कशॉपला कोणीच येत नाही. मी काय करू? वर्कशॉपची वेळ बदलली, पोस्टर लावले, सगळं करून झालं.

उत्तर: तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून लोक हो म्हणतात. तुम्ही बाहेरून आलात, सहा महिन्यांनी जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहितीये. त्यांच्या जागी मी असते तर मीही पोस्टर वाचून पुढे गेले असते.

जपानमधलं एचिगो-त्सुमारी घ्या. निगाता प्रांतातला डोंगराळ भाग, साधारण ७६० चौरस किलोमीटर, जगात सर्वात जास्त बर्फ पडणाऱ्या वस्त्यांपैकी एक, तरुण शहरात गेलेले, शाळा बंद पडत चाललेल्या, घरं रिकामी. तिथे २००० साली फ्राम कितागावा या माणसाने दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला, शेतात, जुन्या घरात, बंद शाळेत कलाकृती. आज त्याचं जगभर नाव आहे, पण सुरुवातीला गावकऱ्यांना आणि स्थानिक पुढाऱ्यांना हे अजिबात नको होतं, म्हातारी माणसं राहिलीयत, रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार याची चिंता आणि हे मॉडर्न आर्टवर पैसे घालतायत, असं. शहरातून आलेले विद्यार्थी स्वयंसेवक दारोदार फिरायचे, लोक संशयाने बघायचे. पहिला महोत्सव भरेपर्यंत काही वर्षं नुसती बोलण्यात गेली. तुमचा तर दीडच महिना झालाय.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इल्या आणि एमिलिया काबाकोव या कलाकार जोडप्याला एका उतारावरच्या भातखाचरांत काम करायचं होतं, शेतकऱ्यांच्या आकृत्या, नांगरणी, पेरणी, कापणी अशी एकेक पायरी. जमीनमालकाने आधी नकार दिला. बरोबरच आहे, पिढ्यानपिढ्यांची शेती, त्यात कोणी परक्याने पुतळे उभे करायचे? पुढे त्याच्याशी बोलणं होत राहिलं आणि ती कलाकृती त्याच्याच कष्टांबद्दल आहे हे कळल्यावर तो तयार झाला. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की नकार द्यायची सोय होती. जिथे नाही म्हणता येतं तिथल्या होकाराला अर्थ असतो.

अजून एक. त्याच भागात एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकाबरोबर एक जुनं रिकामं घर घेतलं आणि आतलं सगळं लाकूड, भिंती, खांब, तुळया, छत, छिन्नीने कोरून काढलं, २००६ मध्ये लोकांसाठी उघडलं. महिनेच्या महिने येऊन ठोकत बसायचे. आता विचार करा, तुमच्या शेजारच्या रिकाम्या घरात शहरातली पोरं रोज छिन्नी घेऊन बसतायत, तुम्ही किती दिवस न विचारता राहाल? लोक बघायला येतात, मग सांगायला लागतात की अरे छिन्नी अशी नाही धरत.

तर तुम्ही वर्कशॉप बंद करा असं माझं म्हणणं. वर्कशॉप म्हणजे मी शिकवतो, तुम्ही शिका. त्याऐवजी लोकांच्या डोळ्यासमोर, रस्त्यालगत, रोज ठरल्या वेळी स्वतःचं काम करत बसा आणि असं काम घ्या की जे तुम्हाला एकट्याला येणारच नाही, कोणीतरी गवंडी, सुतार, शिवणारी बाई, जुनं गाणं पाठ असलेली आजी यांना विचारल्याशिवाय पुढे जाणारच नाही. मदत मागायला येणाऱ्या माणसाला गाव लवकर आपलं म्हणतं, मदत करायला आलेल्याला म्हणत नाही. आणि हो, शेतीचं काम कधी असतं ते बघून वेळापत्रक करा, कापणीच्या हंगामात कुठलाही कलाप्रकल्प चालत नाही, पिकासोला आणलं तरी.

बाकी एचिगो-त्सुमारीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की त्यामागे सरकारी पैसा आणि मोठी यंत्रणा होती, आणि एवढं करूनही तिथली लोकसंख्या घटतेच आहे. कलेने बस पुन्हा सुरू होत नाही की दवाखाना येत नाही. फेलोशिप देणाऱ्यांना तसं काही लिहून दिलं असेल तर आत्ताच जरा खाली उतरा.

प्रश्न: आमच्या मीटिंगला दर वेळी तेच बारा-पंधरा लोक. बहुतेक शिक्षक, बचतगटातल्या काही बायका आणि शाळेतली मुलं. मोठे पुरुष कट्ट्यावर बसून हसतात. सासुरवाशिणी आणि नव्याने राहायला आलेली कुटुंबं तर फिरकतच नाहीत.

उत्तर: हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एकाच उपायाने सुटणार नाहीत.

कट्ट्यावरच्या पुरुषांना नाच, गाणं, चित्र यासाठी बोलावलं की ते हसणारच, हसण्यामागे लाज असते. त्यांना काम द्या, ज्यात त्यांचं नाव आहे असं काम. इंग्लंडमध्ये ॲन जेलिको नावाच्या नाटककार बाईंनी १९७८ मध्ये लाइम रीजिस या छोट्या गावात तिथल्या शाळेसाठी म्हणून गावाचं नाटक केलं, त्या गावाच्या इतिहासावर, स्टेजवर शंभरच्या आसपास माणसं, आणि त्यातून तिकडे कम्युनिटी प्ले हा प्रकारच रुळला. लेखक-दिग्दर्शक व्यावसायिक, बाकी सगळं गाव. या प्रकारात स्टेजवर जेवढे लोक असतात तेवढेच किंवा जास्त मागे लागतात, लाइट ओढायला, मांडव घालायला, कपडे शिवायला, गाड्या लावायला, हिशोब ठेवायला. ज्याला वायरिंग येतं त्याला "नाटकात भाग घे" म्हणू नका, "लाइटचं तूच बघ, आम्हाला जमत नाही" म्हणा. बघा येतो की नाही.

ज्यांना घरातून निघता येत नाही त्यांच्याकडे काम गेलं पाहिजे. स्कॉटलंडचा इतिहास सांगणारा भरतकामाचा एक मोठा प्रकल्प २०१३ मध्ये पूर्ण झाला, १६० पट्टे, देशभरातल्या साधारण हजार लोकांनी भरलेले. एकेक गट एकेक पट्टा घेऊन आपल्या सवडीने काम करायचा, मुख्य रेखाटन ठरलेलं पण कडेला मोकळी जागा, तिथे आपापल्या भागातलं काही भरायची मुभा. ही मोकळी जागा ठेवण्याची युक्ती भारी आहे. कापडाचा तुकडा घरी नेता येतो, मूल झोपल्यावर टाके घालता येतात, कोणाला सांगून बाहेर पडावं लागत नाही आणि तरी शेवटी सगळं जोडलं जातं तेव्हा तिचा तुकडा मध्ये असतो. जोडायच्या दिवशी मग तीच बाई स्वतःहून येते, आपला तुकडा कुठे लागलाय ते बघायला.

नव्याने आलेल्यांचं मात्र अवघड आहे, कारण इथे गावाला स्वतःशीच भांडावं लागतं. जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून गावाचं मोठं ख्रिस्ती धार्मिक नाटक होतं, बहुतेक दर दहा वर्षांनी, साथीच्या रोगात केलेल्या नवसातून सुरू झालेलं. नियम असा की भाग घ्यायचा तर त्या गावात जन्म हवा नाहीतर वीस वर्षं वास्तव्य हवं. यामुळे गावाची ओळख टिकली हे खरं, पण दरवाजाही बंद राहिला. लग्न झालेल्या बायकांना तर १९९० पर्यंत स्टेजवर जागाच नव्हती, त्या कोर्टात गेल्या तेव्हा मिळाली. २०२२ च्या प्रयोगात मुस्लिम कुटुंबातल्या गावकऱ्यालाही महत्त्वाची भूमिका होती. म्हणजे परंपरा कितीही जुनी असली तरी "आपले कोण" हे बदलता येतं, पण आपोआप बदलत नाही, कोणालातरी वाईटपणा घ्यावा लागतो. तुमच्याकडे तो कोण घेणार हे आधी ठरवा. नवीन कुटुंबाला "या ना कधीही" असं मोघम सांगण्यापेक्षा घरी जाऊन एक ठराविक गोष्ट मागा, तुमच्याकडचं एक अंगाईगीत शिकवाल का, अशी.

प्रश्न: आमच्या ग्रुपला गावातल्याच खऱ्या गोष्टींवर नाटक करायचंय. दारू, जमिनीचे वाद, सावकारी. काही ज्येष्ठ म्हणतात की झाकली मूठ राहू द्या, उगाच डोकी फुटतील. आम्ही करावं का?

उत्तर: करा, पण ज्येष्ठ म्हणतात ते उडवून लावू नका. डोकी फुटू शकतात आणि मुख्य म्हणजे कोणाचं फुटेल हे आधी बघावं लागतं, दिग्दर्शकाचं क्वचितच फुटतं.

केनियात लिमुरूजवळ कामिरिथू नावाचं गाव आहे. तिथे प्रौढ साक्षरतेच्या वर्गातून नाटकाची कल्पना निघाली आणि १९७७ मध्ये न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी या दोन लेखकांनी गावकऱ्यांबरोबर त्यांच्याच गिकुयू भाषेत नाटक उभं केलं, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आणि कारखान्यातल्या मजुरांचं. उघड्यावरचं थिएटर गावकऱ्यांनी स्वतः बांधलं. तालमी सगळ्यांसमोर चालायच्या त्यामुळे येणारा-जाणारा संवाद दुरुस्त करायचा, म्हातारे असं कोणी बोलत नाही रे म्हणून टोकायचे, गाण्याची चाल सुधारून द्यायचे. प्रयोगांना दुरून लोक यायला लागले. आणि काही आठवड्यांतच सरकारने परवाना काढून घेतला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगी वा थिओंगोंना पकडून खटला न चालवता साधारण वर्षभर तुरुंगात ठेवलं. १९८२ मध्ये पुढच्या नाटकाला परवानगी मिळाली नाहीच, वर ते थिएटरही पाडून टाकलं. गाव एकत्र आलं होतं, म्हणून तर एवढी भीती वाटली. तुमचं नाटक सावकारीवर असेल तर सावकाराकडे कर्ज असलेल्या माणसाला मुख्य भूमिका देताना दहादा विचार करा, बस.

दारूसारख्या विषयाला दुसरा मार्ग आहे. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात फोरम थिएटर म्हणून प्रकार आणला. दहा-पंधरा मिनिटांचं छोटं नाटक, शेवट वाईट. मग तेच नाटक परत पहिल्यापासून, पण यावेळी प्रेक्षकांतलं कोणीही थांबा म्हणू शकतं, स्टेजवर येऊन त्या अडलेल्या पात्राची जागा घेतं आणि वेगळं काहीतरी करून बघतं. बाकीची पात्रं सहजासहजी ऐकत नाहीत, खऱ्या आयुष्यात जशी ऐकणार नाहीत तशीच. पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ मध्ये सुंदरबनच्या बाजूच्या गावांपासून सुरू झाली, १९९० च्या दशकापासून हेच करतेय. यात उपदेश नसतो हा मोठा फायदा. नवरा पिऊन आला तर बायकोने काय करावं हे स्टेजवरून कोणी सांगत नाही, समोर बसलेली बाई स्वतः उठून करून दाखवते आणि दुसरी म्हणते हे माझ्या घरात चालणार नाही, थांब मी येते. कधीकधी एखादा पुरुष उठतो आणि मग बघण्यासारखं असतं.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कोणाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि परवानगी दोनदा घ्यायची, सांगताना एकदा आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवून पुन्हा. तीन-चार जणांच्या गोष्टी मिसळून एक पात्र करा म्हणजे बोट कोणा एकावर जात नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉल्किट या छोट्या गावाने १९९० च्या दशकापासून गावकऱ्यांच्या मुलाखतींमधून नाटकं उभी केली, जुन्या कापसाच्या गोदामात प्रयोग, नट सगळे गावातले, गोरे आणि काळे दोन्ही. तिथलंही सूत्र हेच, आधी ऐकणं, मग लिहिणं. रेकॉर्डिंग केलंत तर ते कोणाकडे राहणार हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरेल आणि सगळं मुसळ केरात.

प्रश्न: एका कंपनीने खर्च उचलायची तयारी दाखवलीय, फक्त त्यांचा लोगो मध्ये मोठा हवा म्हणतात. घ्यावं का?

उत्तर: इनाकादाते हे जपानमधलं छोटं गाव, साधारण आठ हजार वस्तीचं, १९९३ पासून वेगवेगळ्या रंगांच्या पानांचं भात लावून शेतातच मोठी चित्रं उगवतात. लावणीला शेकडो लोक चिखलात उतरतात, बघायला लाखो येतात. २००८ मध्ये खर्च भागावा म्हणून चित्राखाली जाहिरातीचे लोगो सुद्धा लावले, म्हणजे अक्षरशः रोपांचे. ज्यांची जमीन होती त्यांच्याकडूनच विरोध झाला, वाद वाढला आणि उगवलेलं भात उपटून टाकायची वेळ आली. कंपनी वाईट होती असं काही नव्हतं. सगळ्यांना विचारलं नव्हतं.

तर हो किंवा नाही हे मला विचारू नका, गावाच्या बैठकीत विचारा, आणि लोगोशिवाय किती कमी पैशात होईल याचा आकडा पण तिथे ठेवा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आभाराच्या फलकावर सगळ्यांच्या बरोबरीने नाव द्यावं, मध्यभागी नाही. आणि पैसे आले की आर्टिस्टला मानधन देता तसं गावातल्या सुताराला, वादकाला, स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाही द्या. बाहेरच्याला पैसे आणि गावातल्याला "सेवा" हा हिशोब लोकांच्या लक्षात येतो, बोलत नाहीत एवढंच. जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावा.

प्रश्न: देणगीदारांना रिपोर्ट हवाय, "सामाजिक एकोपा किती वाढला" हे आकड्यात द्या म्हणतात. कसं मोजणार?

उत्तर: हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये कलाप्रकल्पांत भाग घेतलेल्यांचा अभ्यास केला, लोकांनी सांगितलं की आत्मविश्वास वाढला, मित्र झाले वगैरे. पुढे २००२ मध्ये पाओला मेर्ली यांनी त्यावर टीका केली की अशा पद्धतीने एवढे मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. दोघांचंही वाचलं की कळतं की कार्यक्रम संपल्यावर आलेल्यांकडून फॉर्म भरून घेतला तर चांगलंच लिहून येणार, कारण ज्यांना आवडलं नाही ते मध्येच निघून गेलेले असतात. रॉबर्ट पुटनम या अभ्यासकांनी केलेला एक फरक उपयोगी पडतो, आपल्यासारख्यांशी घट्ट होणारी नाती वेगळी आणि पलीकडच्यांशी जुळणारी वेगळी. तुमच्या प्रकल्पात बचतगटातल्याच बायका अजून जवळ आल्या तर चांगलंच आहे, पण तुम्ही देणगीदाराला दुसऱ्या प्रकारचं सांगितलं होतं.

म्हणून साध्या गोष्टी टिपा. पहिल्या बैठकीला कुठल्या गल्लीतून किती जण आले, शेवटच्या बैठकीला किती. सोडून कोण गेलं आणि का, हे तर नक्की. बैठकीच्या जागेची किल्ली आता कोणाकडे असते. तालमीव्यतिरिक्त हे लोक एकमेकांकडे गेले का, लग्नकार्याला, आजारपणात. आकडा छोटा येईल, येऊ दे, छोटा पण खरा आकडा बघून पुढच्या वर्षी मदत करणारे देणगीदार भेटतात. न भेटले तर त्यांना फक्त फोटोच हवे होते.

प्रश्न: याने गावात पर्यटक येतील का?

उत्तर: आले तर आले. पर्यटकांसाठी म्हणून सुरू केलंत तर पार्किंगवरून भांडणं होतील आणि ती सोडवायला अजून एक कलाप्रकल्प लागेल.

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपूर्वी गावाचं नाटक केलं होतं, जबरदस्त झालं, लोक रडले. त्यानंतर काहीच नाही. ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे मेसेज. परत सुरू करायचं तर कुठून?

उत्तर: नव्याचे नऊ दिवस सगळीकडेच असतात, पण काही गावांनी ते पन्नास-पन्नास वर्षं ओढलेत, त्यांचं काय वेगळं आहे बघू.

इटलीत टस्कनी भागात मोंतिक्येल्लो म्हणून डोंगरावरचं इवलंसं गाव आहे. अर्धेलीवर शेती करायची जुनी पद्धत मोडली, लोक निघून जायला लागले, तेव्हा १९६७ मध्ये राहिलेल्यांनी चौकात नाटक करायला सुरुवात केली. आधी इतिहासातले प्रसंग, युद्धात गावावर बेतलं होतं ते वगैरे, आणि मग स्वतःबद्दलच. दरवर्षी थंडीत बसून चर्चा, या वर्षी आपल्याला काय खुपतंय, घरं बाहेरच्यांना विकली जातायत ते, मुलं नाहीत ते, आणि त्यातून उन्हाळ्यात नाटक. पुढे सहकारी संस्था काढली आणि ती फक्त नाटक बघत नाही, गावाला लागणारी इतर कामंही बघते. हेच कर्नाटकात हेग्गोडूत दिसतं. के. व्ही. सुब्बण्णा आणि मित्रांनी १९४९ मध्ये निनासम ही नाट्यसंस्था सुरू केली, सुपारीच्या बागांमधलं खेडं, मग तिथे फिल्म सोसायटी, १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था, १९८५ मध्ये राज्यभर फिरणारी नाटक मंडळी, असं एकातून एक निघत गेलं. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण तोवर चाळीसहून जास्त वर्षं काम चाललेलं होतं.

दोन्हीकडे प्रयोगाच्या आधीचे महिने जास्त महत्त्वाचे आहेत. तुमच्याकडे प्रयोग झाला, आणि त्याआधीचं जे बसणं-बोलणं होतं ते प्रयोगाबरोबर संपलं. म्हणून नवीन नाटक शोधत बसू नका. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा, तारीख पक्की, विषय एक, आले त्यांच्यात करायचं, सहा आले तर सहा. कामं वाटून द्या आणि दरवर्षी बदला, कारण दोन वर्षांपूर्वी सगळं एकाच माणसाने ओढलं असणार आणि तो दमला असणार, असं बहुतेक ठिकाणी होतं. शहरात गेलेल्या पोरांना नाटकात घेऊ नका, त्यांना सुट्टी मिळत नाही आणि तालमी बिघडतात, त्यांना जुने फोटो गोळा करणं, पोस्टर, रेकॉर्डिंग असं लांबून होणारं काम द्या.

आणि ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी, मागच्या वेळी मध्येच सोडून गेलेले जे दोघे-तिघे होते ना, त्यांच्या घरी जाऊन या. का सोडलं ते त्यांच्याकडून ऐका, मध्ये बोलू नका, आणि मग पहिल्या संध्याकाळची तारीख त्यांनाच ठरवू द्या.